हॅम्स्टर पाळताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाळीव हॅम्स्टर हा मुळात बिळात राहणारा, एकटा वावरणारा आणि रात्री जागणारा प्राणी आहे. या तीन गोष्टी विसरल्या की त्याच्याबद्दलचे बहुतेक गैरसमज सुरू होतात. 1930 साली इस्रायल अहारोनी यांनी सीरियातील अलेप्पोजवळ एक मादी आणि तिची पिल्ले शेतातून खणून काढली. काळा आजाराच्या संशोधनासाठी असा प्राणी हवा होता. आज घरोघरी असलेले सोनेरी हॅम्स्टर बहुतांशी त्याच पिल्लांचे वंशज आहेत. माणसाच्या घरात येऊन शंभर वर्षेही न झाल्याने त्यांची बीळ खणण्याची ओढ जराही ओसरलेली नाही.

जीव लहान, म्हणून पिंजराही लहान चालेल, हा सर्वांत जास्त त्रास देणारा समज. रानातली बिळे सरासरी 65 सेंटिमीटर खोल आढळली आहेत, काही तर मीटरभर. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 10, 40 आणि 80 सेंटिमीटर जाडीच्या भुशात हॅम्स्टर ठेवून पाहिले; सर्वांत पातळ थरातले हॅम्स्टर पिंजऱ्याच्या तारा सर्वाधिक कुरतडत होते. घरची माणसे याला खेळ समजतात, पण तो कोंडमाऱ्याचा सूर आहे. साधारण 100 बाय 50 सेंटिमीटर जागा आणि निदान एका बाजूला 25-30 सेंटिमीटर कागदी किंवा उग्र वास नसलेल्या लाकडाचा भुसा द्यावा. कापूस नको, त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि गालांच्या पिशव्यांत अडकतात. चाक गजांचे नसावे, सलग पृष्ठभागाचे असावे. सोनेरी हॅम्स्टरसाठी त्याचा व्यास 28 सेंटिमीटरच्या आसपास हवा, नाहीतर धावताना पाठ वाकते.

एकट्याला करमणार नाही म्हणून जोडी घेतली जाते. सोनेरी हॅम्स्टर वयात आल्यावर दुसऱ्याला सहन करत नाही. मारामारी जिवावर बेतते. नर-मादी असतील तर गर्भकाळ अवघा 16 दिवसांचा, त्यामुळे घर पिल्लांनी भरायला वेळ लागत नाही.

दिवसा झोपणारा हॅम्स्टर आळशी नसतो आणि झोपेतून उचलल्यावर चावणारा तापटही नसतो. त्याची नजर अधू असते, तो वासावर जगतो. दिवेलागणीनंतर तळहातावर दाणा ठेवून त्याला स्वतःहून येऊ द्यावे. दाणे वाटीत ओतण्यापेक्षा भुशात विखरून टाकले की तो हुंगत फिरतो, गाल फुगेपर्यंत भरतो आणि कोपऱ्यात नेऊन रिकामे करतो. तो कोरडा साठा मोडू नये, फक्त नासके तुकडे काढावेत. सूर्यफुलाच्या बिया आणि फळे यांवरच त्याला ठेवणे चूक. त्यातही कॅम्पबेल जातीच्या बुटक्या हॅम्स्टरना मधुमेहाचा धोका असतो. पाण्याने आंघोळ तर कधीच नको. उथळ भांड्यात बारीक, स्वच्छ वाळू दिली की तो स्वतःच लोळून अंग साफ करतो.

थंडीत निपचित पडलेला हॅम्स्टर शीतनिद्रेत गेला, असे मानून बंगळुरूत राहणाऱ्यांनी थांबू नये. शीतनिद्रेला पारा एक अंकी उतरावा लागतो. शहरातल्या हेब्बाळ भागातल्या घरात डिसेंबर-जानेवारीतही तेवढा गारठा नसतो. इथे असे दिसले तर आजाराचा संशय आधी घ्यावा. खरा धोका एप्रिलमध्ये असतो. पारा 34 अंशांच्या घरात जातो आणि हॅम्स्टरला घाम येत नाही, तेव्हा उन्हाच्या बाल्कनीत पिंजरा ठेवणे घातक. सावलीच्या खोलीत, खाली गार फरशीचा तुकडा पुरतो.

एवढ्याशा प्राण्याला डॉक्टर कशाला, हाही गैरसमजच. हेब्बाळला 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरात छोट्या प्राण्यांचे खासगी दवाखानेही आहेत. जाण्याआधी तिथे हॅम्स्टर पाहणारे डॉक्टर आहेत का, हे विचारावे. घरातली प्रतिजैविके देऊ नयेत: पेनिसिलिन गटातली औषधे त्याच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मारून जीव घेऊ शकतात. शेपटीजवळ ओल, जुलाब किंवा खाणे बंद होणे दिसले तर त्याच दिवशी दाखवावे. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहिले, तर लक्षणे दिसण्याआधीच उतरण लक्षात येते.