ऊसतोडीहून आल्यावर गाडीला लगेच किक मारू नका. आधी टाकीतलं पेट्रोल बघा

नांदूरघाट (ता. केज) : कारखान्यांचा पट्टा पडला की सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं गेलेले कोयते गावाकडं परततात. दसरा-दिवाळीपासून घरासमोर ताडपत्रीखाली उभी असलेली मोटारसायकल बाहेर निघते. किक मारून मारून पाय दुखतो, पण गाडी काही चालू होत नाही. मग खर्च सुरू होतो. बऱ्याचदा दोष इंजिनात नसतो, टाकीत पाच-सहा महिने पडून राहिलेल्या पेट्रोलात असतो.

पेट्रोल खराब का होतं?

पेट्रोलमधला लवकर पेट घेणारा हलका भाग हळूहळू उडून जातो. उरलेल्या पेट्रोलवर हवेचा परिणाम होऊन त्यात चिकट गाळ तयार होतो. हा गाळ कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये बसला की पेट्रोल पुढं जात नाही.

त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. देशानं २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं. हे इथेनॉल ऊस आणि धान्यापासून बनतं. म्हणजे आपल्याच माणसांनी तोडलेल्या उसाचा काही भाग आपल्याच टाकीत येतो. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाला बसतं. त्यानं पत्र्याच्या टाकीला आतून गंजही चढतो.

ओळखायचं कसं?

थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला, रंग काळपट झाला किंवा व्हार्निशसारखा आंबट वास आला, तर ते पेट्रोल वापरू नका. खाली थर असेल तर वरचं पेट्रोलही कामाचं राहत नाही.

गाडी चालू करण्याआधी

कार्बोरेटरची गाडी असेल तर कॉक रिझर्व्हवर ठेवून नळीतून सगळं पेट्रोल डब्यात काढा, म्हणजे तळाचं पाणीही निघेल. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करून वाटीतलं पेट्रोलही सांडून घ्या. मग ताजं एक-दोन लिटर टाका. तरी चालू झाली नाही, तर कार्बोरेटर आणि प्लग साफ करून घ्या.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत. त्यात चावी ऑन केली की पंप खराब पेट्रोल पुढं ढकलतो. त्यामुळं सारखा सेल्फ मारत बसू नका. त्या नळीत दाब असतो, म्हणून टाकी मिस्त्रीकडूनच रिकामी करून घ्या.

पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप, ब्रश कटर मागच्या हंगामापासून पडून असेल तर त्यालाही हाच नियम.

जिवाशी खेळ नको

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. ते फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. चुकून पोटात गेलं तर उलटी करवू नका, लगेच १०८ ला फोन लावून दवाखाना गाठा. पेट्रोल मोकळ्या जागेत, चूल-विडीपासून लांब काढा. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनंही पेटते. खराब पेट्रोल चुलीत किंवा कचरा पेटवायला वापरू नका. नालीत, विहिरीजवळ, बोअरजवळही ओतू नका, पाणी नासतं. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याला विचारून त्याच्याकडं द्या.

पुढच्या वेळी जाताना

घरी राहणाऱ्या कुणाला तरी दर पंधरा दिवसाला गाडी चार-पाच किलोमीटर फिरवायला सांगा. तसं कुणी नसेल तर टाकी रिकामी करून जा. कार्बोरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटीत पेट्रोल राहत नाही. अर्धी टाकी ठेवून जाणं सगळ्यात वाईट, कारण रिकाम्या भागातल्या हवेतूनच ओलावा आणि गंज येतो.

जाताना दहा मिनिटं दिली, तर आल्यावर उचलीतून उरलेले पैसे गॅरेजमध्ये घालायची वेळ येणार नाही.