नेको आत्सुमे : न खेळता खेळायचा खेळ

जपानी कंपनी हिट-पॉइंटने २०१४ मध्ये आणलेला ‘नेको आत्सुमे’ हा ‘आयडल’ प्रकारातील, म्हणजे खेळाडू गैरहजर असतानाही आपोआप पुढे सरकत राहणारा मोबाइल गेम असून, त्यात अंगणात खाऊ आणि खेळणी मांडून ठेवणे व मांजरांची वाट पाहणे एवढेच काम खेळाडूकडे असते. त्यात शत्रू नाही, वेळेची मर्यादा नाही आणि हरणेही नाही. त्यामुळे नव्या खेळाडूंची पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘आता पुढे काय करायचे?’ अशीच असते. इंग्रजी आवृत्ती २०१५ मध्ये आली, तोवर जपानी न जाणणाऱ्या परदेशी खेळाडूंना कोणते बटण कशाचे हे एकमेकांना विचारूनच शिकावे लागले. तरीही त्यांनी तो सोडला नाही, हे विशेष.

मांजरे जाताना रुपेरी किंवा सोनेरी मासे, म्हणजे खेळातील चलन, ठेवून जातात आणि अंगण वाढवण्यासाठी १८० सोनेरी मासे साठवावे लागतात, हे ज्यांना उशिरा उमगते, त्यांचे मासे तोवर खेळण्यांवर खर्च झालेले असतात. सगळा खाऊ एकट्याने फस्त करणाऱ्या ‘मान्झोकू-सान’ या लठ्ठ बोक्याविषयी खेळाडू तक्रार करतात खरी, पण ती कौतुकाचीच असते. दुर्मीळ मांजरे विशिष्ट खेळण्यांकडेच येतात, मात्र केव्हा येतील याची हमी नसते. काहींना हा अन्याय वाटतो, परंतु खेळाची खरी गंमत याच अनिश्चिततेत आहे.