पथ्याचं ताट – लेखांक ७ : गहू बंद, मग सण कसा करायचा?

गेल्या दोन लेखांकांत सिलिअ‍ॅक आजार म्हणजे काय, त्याचं निदान कसं होतं आणि गहू का बंद करायचा, हे पाहिलं. त्यानंतर आलेल्या पत्रांत वैद्यकीय शंका कमीच होत्या. बहुतेक पत्रं आयांची, आणि प्रश्न फिरून एकच: भाकरी देतोय, पण पोळ्याला लेकरू पुरणपोळी मागतं त्याचं काय? सोनपेठ तालुक्यातल्या एका आईनं घरातला संवादच लिहून पाठवला. डॉक्टरांनी गहू बंद केलाय, मुलगी शाळेत जायच्या वयाची आहे आणि आत्याबाई रोज म्हणतात, "लेकराच्या तोंडाला किती दिवस कुलूप लावताव? एका घासानं काय होतंय?"

आत्याबाईंचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. तेव्हा आधी घासाचाच हिशेब करू.

सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव (सातू) आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्नरस शोषून घेणारे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. पोट फुगतं, वजन वाढत नाही, गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. गहू पूर्ण थांबला की हे अंकुर पुन्हा उगवतात, मुलांत मोठ्यांपेक्षा लवकर. पण 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं, तर आतड्याला पुन्हा इजा होताना दिसली. मध्यम आकाराच्या एका चपातीत साधारण तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे 50 मिलिग्रॅम हा चपातीचा जेमतेम साठावा भाग. घास तर लांबच राहिला, ताटाच्या कडेला सांडलेला चुराही तेवढा भरेल.

इथेच पथ्यापथ्यांत फरक पडतो. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचं असेल तर दोन-तीन महिन्यांत जीभ स्वतःच बदलते आणि आधीची भाजी खारट लागायला लागते. मधुमेहात सणाच्या दिवशी अर्धी पोळी खाऊन त्या वेळचा भात सोडता येतो. ही मापाची पथ्यं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात यासाठी सुरेख रीत सांगितली आहे: अंगवळणी पडलेलं अहितकर खाणं एकदम न तोडता पाव-पाव हिश्शानं कमी करावं, तेवढ्याच हिश्शानं हितकर वाढवावं आणि मधे एक, दोन, तीन दिवसांचं अंतर ठेवावं. सिलिअ‍ॅकला ही रीत चालत नाही. इथे गहू, जव आणि राय यांचं माप शून्य, आणि बाकी सगळं मोकळं. आत्याबाईंना हे असं समजावून सांगावं: माप ठेवायची मुभा असती तर आम्हीच दिली असती.

मग जिभेचं काय? त्याबद्दल एक जुनी नोंद वाचण्यासारखी आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले डॉक्टर सॅम्युअल गी यांनी 1888 साली या आजाराचं नेमकं वर्णन प्रथम छापलं. गव्हाचा संबंध तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. पण रोगी बरा व्हायचा असेल तर तो आहारानंच होईल, एवढं त्यांनी ओळखलं होतं. एका मुलाला ते रोज लिटरभराहून जास्त डच शिंपले खायला घालत. पोरगं झपाट्यानं सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला, ते पुन्हा आजारी पडलं. पुढच्या वर्षी हंगाम आला, शिंपले आले, पण काही केल्या त्यानं ते तोंडात घेतले नाहीत.

मला ही नोंद फार खरी वाटते. लागू पडलेलं औषध पोरानं नाकारलं, कारण त्याला त्याचा वीट आला होता. पथ्य मोडतं ते लालसेमुळे, असं आपण समजतो. कितीतरी वेळा ते नुसत्या कंटाळ्यानं मोडतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या शेवटच्या अध्यायात हेच सांगितलं आहे: तेच ते खाऊन किंवा चव नसल्यामुळे पथ्याचा तिटकारा आला, तर वेगवेगळ्या कृतींनी तेच पथ्य पुन्हा आवडीचं करावं. पथ्य बदला असं तिथे म्हटलेलं नाही, रोग्याला दटावा असंही नाही. काम सांगितलंय ते स्वयंपाक करणाऱ्याला.

आणि या बाबतीत सोनपेठचं नशीब चांगलं आहे. देशात सिलिअ‍ॅकचे सर्वाधिक रुग्ण आढळतात ते पंजाब-हरियाणाकडे, जिथे ताटात गहूच गहू. तिथल्या आईला पर्याय शोधत हिंडावं लागतं. परभणी जिल्ह्यातल्या घरात ज्वारीची भाकरी हे पथ्य नव्हेच, ते रोजचं जेवण. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, सगळ्या डाळी, शेंगदाणे, तीळ यांत ग्लुटेन नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या सोबतीनं काढलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण तर लोह आणि जस्त जास्त असलेला आहे, 2018 साली आलेला. लोह शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलिअ‍ॅकचा मार पहिल्यांदा तिथेच बसतो. मिळाला तर हा वाण अशा घरात यावा.

पण ज्वारी घरात असणं वेगळं आणि ज्वारीचं पीठ निखळ असणं वेगळं. खरी अडचण गिरणीत आहे. आपल्या आधीच्या बाईचे दहा किलो गहू दळून झाले की त्याच पाळूत आपली ज्वारी पडते. पट्ट्याच्या कडेला, पाळूच्या खाचांत, पीठ उतरतं त्या कापडी नळीत गव्हाचं पीठ बसलेलं असतं. वेष्टनावर ‘ग्लुटेन-मुक्त’ लिहायचं तर आपल्याकडच्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गिरणीतली ती पहिली पायली या कसोटीला उतरणं अवघडच. ऐपत असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. नसेल तर माळ्यावरचं जातं काढावं. एका माणसापुरतं पीठ जात्यावर निघतं, तेवढं काही जड नाही. चाळणी मात्र नवी आणि वेगळी. जुन्या चाळणीच्या जाळीत गव्हाची कणी अडकलेली असते, ती धुवून निघत नाही. भाकरी थापताना परातीत भुरभुरायचं पीठही त्याच डब्यातलं.

मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात गहू आणखी तीन ठिकाणी लपून बसतो. पहिलं येसर: भाजलेल्या धान्यांत बहुतेक घरी गहू असतोच, आणि येसराची आमटी तर पाहुणे आले की ठरलेली. दुसरं मेतकूट. तिसरा हिंग. डबीतला बांधानी हिंग मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात कालवलेला असतो, डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. भाकरी काटेकोर आणि फोडणीत रोज चिमूटभर मैदा, असं होऊन रक्ततपासणी सुधारत नाही, आणि घरचे पोरीवर चोरून खाल्ल्याचा संशय घेतात. येसर घरीच गहू वगळून ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याच्या डाळीचं करावं. चवीत फरक पडत नाही, निदान मला तरी कळत नाही. धपाट्यांतही चिकटपणासाठी मूठभर कणीक घालायची सवय असते. तिथे बेसन वाढवून भागतं.

आता पुरणपोळी. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं आणि गुळाचं. गहू फक्त वरच्या पारीत. पारी ज्वारीच्या उकडीची करता येते: पाण्यात मीठ आणि तूप घालून उकळी आणायची, त्यात पीठ ढवळून झाकून वाफ आणायची, गरम असतानाच चांगलं मळायचं आणि पुरण भरून ओल्या कापडावर हातानं थापायचं. लाटायला गेलं तर फाटते. खोटं कशाला सांगू, ही पोळी गव्हाच्या पोळीसारखी मऊसूत होत नाही, कडेला चिरते, आणि गार झाली की कडक. तव्यावरून थेट ताटात, वर तुपाची धार. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी मोदकासारखी तांदळाची उकड करून आत पुरण भरावं, किंवा वाटीत गरम पुरण, तूप आणि दूध द्यावं. पोरं ते मिटक्या मारत खातात.

सणाच्या स्वयंपाकाचा क्रम मात्र बदलावा. आधी पथ्यावरच्या मुलीची पोळी, तिचा तवा, तिचं तळण. कणकेची परात नंतर. पुऱ्या तळलेल्या तेलात नंतर पापड तळले तर ते तिला चालत नाहीत. पहिलं तळण तिचं, हा नियम एकदा घरात रुजला की वादच उरत नाही. उलट सणाचं पहिलं ताट तिला मिळतं, याचा मुलांना किती अभिमान वाटतो ते पाहावं.

कारण मुलांची ओढ गव्हाची नसतेच मुळी. सगळे खातात ते आपणही खावं, एवढीच असते. म्हणून ज्या पदार्थात ती वेगळी पडत नाही, ते घरात वाढवावेत. हिवाळ्यातला हुरडा घ्या. गोवऱ्यांच्या आगटीत गुळभेंडीची कणसं, हातावर चोळलेले गरम दाणे, जवसाची चटणी, गुळाचा खडा: अख्खं घर एकच खातं आणि तिला कुणी ‘तू नको’ म्हणत नाही. संध्याकाळी सुशीला करावा. चुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, फोडणीत कांदा-मिरची, वर डाळ्याची पूड आणि शेंगदाण्याचा कूट. हिंग तेवढा वगळायचा. ज्वारीच्या लाह्या, तिळगूळ, बेसनाचे लाडू, तांदळाची खीर, ही यादी परक्या पदार्थांची नाहीच.

उपवासाचं फळीवरचं सामान तर या पथ्यासाठीच केल्यासारखं आहे. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाण्याची आमटी यांतल्या एकातही गहू नाही. एकादशीला सगळं घर सिलिअ‍ॅकचं पथ्य पाळतं आणि त्याला फराळ म्हणतं! फक्त भगर अख्खी आणून, निवडून, धुवून घरी दळावी. जुन्या, दमट भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या सणासुदीला येतच असतात.

सगळ्यात चिवट सवय चहा-बिस्किटाची. इथे चवीपेक्षा बुडवण्याची मजा मोठी. पातळ थापून तव्यावर कडक केलेली भाकरी बुडवायला उत्तम; आपल्याकडे चहा-भाकरी खाऊन शेतावर जाणारी माणसं अजून आहेत. शहरात मिळणारी महागडी ग्लुटेन-मुक्त बिस्किटं मी फारशी सुचवत नाही. त्यांत बहुतेक स्टार्च आणि साखर, तंतू नावालाच. प्रवासापुरती ठीक आहेत. घरी मात्र तिच्या नावाचा एक डबा असावा. त्यात चिक्की, राजगिऱ्याची वडी, फुटाणे, आणि तो शाळेतून येताक्षणी हाताशी. चार वाजताची भूक आणि रिकामा डबा यांतूनच भावाच्या हातातलं खारी-टोस्ट तोंडात जातं.

लग्नाच्या पंगतीत तिला उपाशी नेऊ नये. पोटभर खाऊन न्यावं, सोबत डबा द्यावा. बुंदी बेसनाची असली तरी आचाऱ्याची कढई आधी कशाला वापरली ते कुणी सांगू शकत नाही. वाढप्यानं पुरी ठेवून मग उचलली तर ते ताट बदलून घ्यावं, आणि त्यात लाजू नये.

धोक्याची वेळ कोणती, तर बरं वाटायला लागतं ती. न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी 1924 साली केळ्यांच्या आहारानं अशी मुलं सुधारल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांच्या पथ्यात ब्रेड आणि धान्यं बंद होती, गुण त्यामुळे येत होता, पण श्रेय मिळालं केळ्याला. मग ‘बरी झाली’ म्हणून पुन्हा ब्रेड सुरू झाला की आजार परतायचा. गव्हाचा दोष दाखवून दिला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. गव्हाशिवायचा आहार ते आधीपासून अजमावत होते, त्यांच्या देशातल्या 1944–45च्या दुष्काळी हिवाळ्यातल्या अनुभवानं त्याला बळ मिळालं आणि 1950 साली त्यांचा प्रबंध आला. अंकुर उगवले म्हणजे आजार गेला असं नव्हे. ते उगवलेत गहू बंद आहे म्हणूनच.

आणि तरीही कधीतरी खाल्लं जाईलच. जत्रेत, मैत्रिणीच्या डब्यातून. तेव्हा ओकारी काढायला लावू नये, उपाशी ठेवू नये. जुलाब झाले तर मीठ-साखर-पाणी द्यावं, फार त्रास झाला तर डॉक्टरांना दाखवावं आणि पुढचं जेवण नेहमीसारखं पथ्याचं. खरं सांगणाऱ्या लेकराला आरडाओरडा करून गप्प केलं, तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही, आणि तपासणीतल्या अँटिबॉडी का उतरल्या नाहीत हे ना डॉक्टरांना कळेल ना घरच्यांना.

पुढच्या आठवड्यात मूत्रपिंडाचं पथ्य. तिथे केळं आणि शहाळं यांच्यावरच बंदी येऊ शकते, आणि भाजी शिजवण्याआधी तिचं पाणी का फेकायचं, ते पाहू.