खानखोजे यांची शाळा आणि मैंदर्गीचा शेतकरी

देश स्वतंत्र झाला म्हणजे शेतकरी स्वतंत्र झाला असें नव्हे. ज्ञान त्याच्या हातीं गेलें पाहिजे, हा पुरोगामी विचार वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे (१८८४–१९६७) यांनीं परदेशीं कृतींत आणिला. गदर चळवळींतील या क्रांतिकारकानें मेक्सिकोंत मक्यावर संशोधन केलें व गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा काढिल्या. १९४७ नंतर इंग्रजांच्या काळ्या यादीमुळें या वृद्धास स्वदेशाचें दार प्रथम बंदच राहिलें. पुढें ते नागपुरास स्थायिक झाले. मनुष्य आला, पण त्याची शाळा आपण आणिली काय? अक्कलकोट तालुक्यांतील मैंदर्गीच्या कोरडवाहू शेतकऱ्यास बांधावरची विद्या मराठी व कानडी या दोन्ही भाषांत विनामूल्य मिळावी, असें आम्ही आग्रहानें सांगतों.