कोरडवाहू यवतमाळ : पाऊस पडतो, पाणी थांबत नाही

कोरड्या भूमीचे जग : लेखांक 7

गेल्या लेखांकात आपण इजिप्तमध्ये होतो. कैरोला वर्षभरात जेमतेम 25 मिलिमीटर पाऊस पडतो, तरी नाईलच्या काठावर हजारो वर्षे पीक उभे आहे, कारण ती नदी दुसऱ्या देशांच्या डोंगरांवरचे पाणी तिथे आणून ओतते. यवतमाळची गोष्ट नेमकी उलटी आहे. इथे वर्षाला सरासरी 900 मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. लंडनला 600 च्या आसपास होतो. तरीही यवतमाळची ओळख कोरडवाहू जिल्हा अशीच आहे. इथले पाणी जिल्ह्याबाहेर निघून जाते.

नकाशा समोर ठेवा. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. दोन्ही मोठ्या नद्या जिल्ह्याच्या कडेकडेने वाहतात आणि वणी तालुक्यात एकमेकींना भेटतात. मधला भाग उतरत्या छपरासारखा आहे. यवतमाळ शहर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, पठारावर वसलेले. बेंबळा वर्धेकडे धावते. अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी, खुनी पैनगंगेकडे. बहुतेक जिल्ह्याखाली काळा बेसाल्ट आहे. त्याचा वरचा झिजलेला, मुरमाड थर थोडे पाणी धरतो, खालचा अभंग खडक धरत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत, तेही मोजक्या दिवसांत, बहुतेक सगळा पाऊस कोसळतो आणि उतारावरून निघून जातो. होळीनंतर विहिरींचे तळ दिसू लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे झेपावतो. 2018 च्या उन्हाळ्यात खुद्द यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले आणि जिल्ह्याचे ठिकाण टँकरवर आले.

या उताराने पाण्याबरोबर मातीचीही वाटणी केली आहे. माथ्यावर बरड, म्हणजे हलकी, उथळ, दगडगोट्यांची जमीन. खाली नदीकाठाला कमरेइतकी खोल काळी. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून दिवाळीनंतरही तिथे कपाशी आणि तूर तग धरतात. बरडीवर पावसाने पंधरा दिवस दडी मारली की पीक माना टाकते. एकाच गावात, एकाच पावसात, एकाच बियाण्याला दोन नशिबे भेटतात. पिकाच्या नुकसानीचा हिशेब सबंध महसूल मंडळाच्या सरासरीवर मांडला जातो, तेव्हा बरडीवरचा शेतकरी त्यात दिसतच नाही.

इथल्या शेतीचे शहाणपण ओल राखण्याचे आहे. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीचे एक तास घालायचे, म्हणजे एक पीक गेले तरी दुसरे हाती राहते. डवरणी केवळ तण काढण्यासाठी नसते. डवऱ्याने मातीची वरची साय मोडते, भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही. धूळपेरणीत पाऊस येण्याआधीच सरकी टोबायची असते. तो सरळ जुगार असतो. पहिला पाऊस येऊन दडून बसला, तर दुबार पेरणी आणि दुप्पट कर्ज. पांढऱ्या सोन्याच्या या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांचे दुःख इतके खोल का गेले, त्याचे एक उत्तर भावात आणि कर्जात आहे, दुसरे या बेभरवशाच्या ओलीत.

लोकांनी या कोरडेपणाची कथाही रचली आहे. राळेगाव तालुक्यात रावेरी या गावी सीतेचे मंदिर आहे. वनवासी सीतेने लवकुशांसाठी गावात पसाभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत, तेव्हा तिने इथे गहू पिकणार नाही असा शाप दिला, असे गावकरी सांगत आले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी या मंदिराने फार हेलावले. त्यांनी त्याच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला, आणि बायकोच्या नावे जमीन करून देण्याच्या त्यांच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेशी सीतेचे नाव जोडले गेले. विदर्भात कापसाची पहिली वेचणी सीतादही नावाची पूजा करून सुरू होते, हेही इथे ध्यानात ठेवावे.

आता माणसे. मोठ्या नद्यांच्या काळ्या खोऱ्यांत वऱ्हाडी बोलणारी जुनी शेतकरी गावे आहेत. पुसद, दिग्रस, दारव्हा या पश्चिमेच्या टापूत बंजारा तांडे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा हा समाज आगगाडीमुळे लदेणी, म्हणजे मालवाहतुकीचा धंदा, बुडाल्यावर जिथे जागा मिळाली तिथे स्थिरावला. जागा मिळाली ती बहुधा माथ्याची. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी जामणीच्या सागवानी डोंगरांत गोंड, परधान आणि कोलाम. पुसद-उमरखेडकडे आंध. इथल्या बाजारात वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि सीमेलगत तेलुगूही ऐकू येते. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्राविडी भाषा, पण वेगवेगळ्या शाखांच्या. दिवाळीत गोंडांची दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची टोळी, डोंगरातून निघते. पौषात अनेक गोंड कुटुंबे तेलंगणातल्या केस्लापूरला नागोबाच्या जत्रेला जातात. तिथे मेश्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी वाहून आणतात आणि मगच पूजा होते. कोरड्या मुलखातल्या देवाला पाण्याइतके मोलाचे दुसरे काय देणार?

कोलामांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासह महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी ही एक, आणि राज्यातली तिची मुख्य वस्ती याच जिल्ह्यात. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोडे टेकड्यांवर, जंगलाच्या कडेला. बांबूकाम, मोहफूल, तेंदूपान, डिंक आणि उतारावरची थोडी ज्वारी यांवर त्यांचे घर चालत आले. थेंब पहिला पडतो तो त्यांच्या माथ्यावर आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन सर्वांत लांब चालावे लागते तेही त्यांच्याच बायकांना.

जलसंधारणाचा विचार महाराष्ट्रात रुजवणारी माणसे याच जिल्ह्याची होती. गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांतून ठिकठिकाणी पाझर तलाव खोदले गेले, ते त्यांच्याच काळात. त्यांचे पुतणे सुधाकरराव मुख्यमंत्री असताना, 1992 साली, स्वतंत्र जलसंधारण खाते निघाले. पाण्याइतकाच चाऱ्याचा प्रश्नही इथे जुना. 10 जुलै 1930 रोजी वणीचे बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला होता. जनावरांच्या चाऱ्यावर कुणाचा हक्क, हा इथे जगण्याचाच प्रश्न होता.

माथा ते पायथा हे जलसंधारणाचे सूत्र सगळे जाणतात. मात्र पैसा आणि लक्ष खालच्या मोठ्या धरणांकडे अधिक गेले. बेंबळा, अरुणावती, इसापूर ही धरणे हवीतच, पण त्यांचे पाणी पोडावर चढत नाही. यवतमाळचा कोरडेपणा जायचा असेल तर काम टेकडीवरून सुरू व्हावे लागेल: पोडांच्या आणि तांड्यांच्या शिवारात, समतल चर आणि बांधबंदिस्ती करून, तिथल्याच माणसांना विचारून आणि त्यांनाच मजुरी देऊन.

पुढील लेखांकात : जैसलमेरची खडीन शेती.