शुगर आहे? दही-ताक जरूर घ्या, पण गोळी बंद करू नका

ताक प्यायल्याने शुगरची गोळी सुटते, असं सांगणारे गावोगावी भेटतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. मोठ्या आतड्यातले जिवाणू ज्वारी, डाळी, पालेभाज्यांतला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. टाइप २ मधुमेहात हे जिवाणू कमी आढळतात. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणू. काही चाचण्यांत त्यांनी उपाशीपोटीची साखर जराशी उतरली. मेटफॉर्मिनची जागा मात्र ते घेत नाहीत. (गंमत म्हणजे मेटफॉर्मिननेही आतड्यातले जिवाणू बदलतात!)

घरचं दही, बिनसाखरेचं ताक चालतं. कढी उकळली की जिवाणू मेले. बाटलीतल्या प्रोबायोटिक पेयात बऱ्याचदा साखर असते, लेबल बघा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी प्रोबायोटिकच्या पुड्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.