लिहिताना कानात संगीत हवं की नको? एकाग्रता खरंच वाढते का?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा. समोर पुस्तक, हातात पेन आणि कानात इयरफोन, हे चित्र हमखास दिसतं. यूट्यूबवर 'स्टडी म्युझिक' असं टाकलं की आठ-आठ, दहा-दहा तासांचे व्हिडिओ समोर येतात. कुठे हळुवार पियानो, कुठे पाऊस, कुठे बासरी. 'एकाग्रता वाढवा' असा दावाही बहुतेकांच्या शीर्षकातच असतो.

पण या दाव्यात तथ्य किती? आणि लिहिताना, वाचताना, विचार करताना हे संगीत सारखंच काम करतं का? समजून घेऊया.

अ‍ॅम्बियंट संगीत आलं कुठून?

जानेवारी १९७५. ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनो यांना लंडनमध्ये टॅक्सीने धडक दिली आणि ते अंथरुणाला खिळले. भेटायला आलेल्या मैत्रिणीने अठराव्या शतकातल्या हार्पवादनाची रेकॉर्ड आणली होती. ती गेल्यावर इनो यांनी कशीबशी ती लावली आणि पुन्हा आडवे झाले. तेव्हा लक्षात आलं की आवाज फारच कमी आहे, शिवाय एक स्पीकर बंद आहे. पण परत उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. पावसाचा आवाज, खोलीतला उजेड आणि मधूनच ऐकू येणारे हार्पचे सूर हे सगळं एकमेकांत मिसळून गेलं.

संगीत समोर बसून ऐकायची गोष्ट न राहता खोलीच्या वातावरणाचा भाग होऊ शकतं, हे इनो यांना तिथे जाणवलं. १९७८ मध्ये त्यांचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम आला आणि 'अ‍ॅम्बियंट' हे नाव रूढ झालं. त्यात वेगवेगळ्या लांबीच्या टेपवर सूर ध्वनिमुद्रित करून त्या सतत फिरत ठेवल्या होत्या. एक सूर साधारण साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास २६ सेकंदांनी. त्यामुळे सूर तेच राहतात, पण त्यांची जुळणी सतत बदलत जाते.

कल्पना मात्र याहून जुनी आहे. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९१७ च्या सुमारास 'फर्निचर संगीत' लिहिलं होतं. खुर्ची-टेबलासारखं, खोलीत असावं पण लक्ष वेधू नये असं. १९२० मध्ये पॅरिसमध्ये ते वाजवलं गेलं तेव्हा लोक मुकाट्याने बसून ऐकायला लागले. 'ऐकू नका, बोला, फिरा,' असं सातींना सांगावं लागलं!

गाण्यातले शब्द आड का येतात?

एखादा फोन नंबर लिहून घेईपर्यंत आपण तो मनातल्या मनात पुटपुटत राहतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये 'वर्किंग मेमरी'चं जे मॉडेल मांडलं, त्यात या पुटपुटण्याला महत्त्वाची जागा आहे. वाक्य लिहितानाही हेच होतं. सुरुवात लक्षात ठेवून आपण शेवट शोधत असतो. त्याच वेळी कानात दुसरे शब्द पडत असतील तर दोन्हींची टक्कर होते.

भाषा कळत नसली तरी त्रास होतोच. कोल आणि वेल्श या संशोधकांनी १९७६ मध्ये अक्षरांची यादी लक्षात ठेवणाऱ्यांना मागे जर्मन भाषेतलं वाचन ऐकवलं. त्यांना ते समजत नव्हतं, तरीही चुका वाढल्या. म्हणजे 'मला कोरियन येत नाही, त्यामुळे कोरियन गाणी चालतात' हा युक्तिवाद फारसा टिकत नाही.

पुढे कार्डिफ विद्यापीठातले डिलन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. आवाज सतत बदलत असेल तर तो जास्त अडथळा आणतो. एकसुरी आवाजाकडे मेंदू सहज दुर्लक्ष करतो. पंख्याचंच बघा ना. तो दिवसभर घरघरत असतो, पण वीज गेल्यावरच आपल्याला तो आठवतो!

मग वाद्यसंगीत तरी सुरक्षित आहे का?

इथे उत्तर थोडं निराश करणारं आहे. रॅन्सडेल आणि गिलरॉय यांनी २००१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संगणकावर निबंध लिहायला लावले. पार्श्वसंगीत सुरू असताना लिहिण्याचा ओघ मंदावला. गाणं शब्दांचं असो की नुसत्या वाद्यांचं, परिणाम दोन्हींचा झाला.

२०१९ मध्ये ब्रिटन आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी सर्जनशीलतेची चाचणी घेतली. तीन शब्द द्यायचे आणि तिघांशी जुळणारा चौथा शोधायचा. मराठीत करायचं तर, 'दवा, कार, तोफ' यांना जोडणारा शब्द कोणता? उत्तर आहे 'खाना'. शांततेच्या तुलनेत संगीत सुरू असताना लोकांना अशी उत्तरं कमी सापडली. वाद्यसंगीतही याला अपवाद नव्हतं. ग्रंथालयातल्या सर्वसाधारण आवाजाने मात्र फरक पडला नाही.

आणि तो 'मोझार्ट इफेक्ट'?

मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या त्या प्रयोगात अवघे ३६ विद्यार्थी होते. त्यांनी आधी संगीत ऐकलं आणि नंतर चाचणी दिली. आकृत्या मनात फिरवून बघण्याच्या कामात ते जरा पुढे गेले, तेही १०-१५ मिनिटांपुरतं. पुढे २००१ च्या एका अभ्यासात दिसलं की हा परिणाम मुख्यतः ताजंतवानं वाटण्याचा आणि मूड सुधारण्याचा होता.

यातली महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फायदा झाला तो आधी ऐकल्याचा, काम करताना ऐकल्याचा नाही.

तरीही संगीत लावल्यावर बरं का वाटतं?

कारण ते खोटं नसतं. कंटाळवाण्या कामाला बसण्यासाठी मूड लागतो आणि तो संगीत देतं. दुसरं म्हणजे आपल्याकडे शांतता मिळते कुठे? शेजारच्यांची मालिका, खालचा हॉर्न, रूममेटचा फोन. बोलण्याचा आवाज सगळ्यात जास्त त्रास देत असेल, तर तो झाकणारी संथ सुरावट किंवा पावसाचा आवाज हा त्यातल्या त्यात बरा पर्याय ठरतो. तुलना शांततेशी करायची की गोंगाटाशी, यावर उत्तर बदलतं.

शिवाय लिहिणं आणि विचार करणं या एकाच प्रकारच्या गोष्टी नाहीत. डायरी उघडून दिवसाकडे मागे वळून बघताना मनाला थोडं भटकू द्यायचं असतं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचा १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' अशा वेळी सुरेख सोबत करतो. बातमीचा इंट्रो लिहिताना मात्र तोच संतूर माझं लक्ष खेचून नेतो. आणि बासरीवरचं ओळखीचं गाणं तर त्याहून वाईट, कारण त्याचे शब्द आपण मनात स्वतःच गायला लागतो.

मग करायचं काय?

- काम सुरू करण्याआधी १० मिनिटं आवडीचं काहीही ऐका. लिहायला बसलात की बंद करा.
- आजूबाजूला बोलण्याचा आवाज असेल तर शब्द नसलेलं, संथ, अनोळखी संगीत लावा. आवाज कमी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे.
- पाठांतर, गणितं आणि उत्तरलेखनाचा सराव शक्यतो शांततेत करा. परीक्षेच्या हॉलमध्ये इयरफोन नसणार आहेत.
- स्वतःवर प्रयोग करा. एकाच प्रकारचं काम २५ मिनिटं संगीतासह आणि २५ मिनिटं संगीताशिवाय करा. दोन्ही मजकूर दुसऱ्या दिवशी वाचा.

हा शेवटचा प्रयोग मी याच लेखावर केला. पहिला अर्धा भाग पियानो ऐकत लिहिला. लिहिताना वाटलं, काय झकास जमतंय! दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा एकच मुद्दा दोन परिच्छेदांत वेगवेगळ्या शब्दांत आलेला होता. छान वाटणं आणि छान लिहिलं जाणं यातला फरक तिथे कळला. तुम्ही आत्ता वाचलात तो भाग मी पंख्याच्या घरघरीत पुन्हा लिहिलेला आहे.